कढईच्या बुडाचा रंग

माझा मुलगा निवडणुकीच्या दिवशी जन्मला, म्हणून त्याचं नाव शायलोबेक ठेवलं. शायलो म्हणजे निवडणूक. चूक तिथेच झाली. छत्तीस वर्षं झाली, मला तो नुसती आश्वासनं देतो आहे.

यंदा थंडीच्या तोंडावर त्याने नवं आश्वासन काढलं. आमचा नांगराचा घोडा खिंडीपलीकडच्या ओसमोनला हिवाळ्याच्या मांसासाठी द्यायचा, आणि त्या बदल्यात ओसमोनचा ट्रॅक्टर तीन वर्षं आमची शेतं नांगरणार. मी म्हटलं, अरे शहाण्या, गेल्या वसंतात याच ट्रॅक्टरने ओढ्याकाठचं बटाट्याचं शेत ओलं असतानाच तुडवलं. चाकांच्या चाकोऱ्या अजून दिसतात, त्यांत पाणी मुरत नाही, आणि बटाटे निघाले ते अक्रोडाएवढे. घोडा फिरतो तिथली माती भुसभुशीत राहते. तो सऱ्यांमधून कोळपं ओढतो म्हणून आपल्याला विषाची फवारणी लागत नाही. जे खातो त्याचं खत करून शेताला परत देतो. ट्रॅक्टरने आजवर काय दिलं? तेलाचे डाग.

"आपा, जग कुठे चाललंय बघ जरा," तो म्हणाला. आमच्याकडे आईला आपा म्हणतात.

"जग जाऊ दे. माझे बटाटे कुठे चाललेत ते बघ."

पण ठरवलं ते ठरवलं. बापाचा हट्ट घेतला, अक्कल तेवढी तिथेच ठेवली.

बापाचा विषय निघालाच आहे तर सांगते. माझ्या नवऱ्याचं नाव मी लिहिणार नाही, आम्ही बाया घेत नाही. त्या नावात एक रंग आहे, कढईच्या बुडाचा. म्हणून तो रंगही आमच्या तोंडी येत नाही. सून घरात आली त्या दिवशीच मी तिला बजावलं होतं की सासऱ्याचा रंग म्हणायचा नाही, म्हणायचं 'गडद'. गडद चहा, गडद मेंढी, गडद ढग. आयजार्किन गुणी पोर, मला एने म्हणते, सासूला तसंच म्हणतात. आठ वर्षांत एकदा चुकली नाही.

ओसमोनचा ड्रायव्हर घोडा न्यायला आला त्या दिवशी मी बहिणीच्या नातवाच्या सुंतेला गेले होते. मुद्दामच गेले, बघवलं नसतं. शायलोबेक तालुक्याला, कसल्याशा यंत्रांच्या मेळाव्याला. तिथून त्याने बायकोला फोन केला, शब्द त्याचेच लिहिते, "माणूस आलाय ना? काळा देऊन टाक."

अंगणात घोडे दोन. नांगराचा आमचा, कढईच्या बुडाच्या रंगाचा, मी ज्याला तवंगडा म्हणते तो, मागे उकिरड्यापाशी, पोटाला चिखल. आणि पुढे दारात शायलोबेकचा लाडका, शर्यतीचा, गर्द तपकिरी, खरारा करून आरशासारखा. आयजार्किनने ड्रायव्हरला सांगितलं, "तो गडद." ड्रायव्हर परक्या गावचा, त्याला चकाकणारा दिसला. त्याने दोर बांधला आणि घोडा ट्रकमध्ये चढवला.

घोडा दिला तरी दावं देत नाहीत, बरकत त्याच्याबरोबर जाते. म्हणून रिकामं दावं खुंटीवर राहिलं. संध्याकाळी शायलोबेक घरी आला, खुंटीकडे पाहिलं आणि मटकन बसला. दाव्याला चांदीची बटणं होती. त्याने स्वतः ठोकलेली.

मग जो आरडाओरडा झाला तो मी लिहीत नाही. आयजार्किन खाली मान घालून कणीक मळत होती. ओसमोनला फोन झाला. तो हसून हसून बेजार. घोडा कापत नाही म्हणाला, एक-दोन दिवसांत बदलून न्या, पण मला ठरलेला घोडा पाहिजेच.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडलं. दुपारी ऊन आलं, वरचं बर्फ वितळलं आणि पुन्हा गोठून त्याची काच झाली. खिंड बंद. आमच्या साठ मेंढ्या उतारावर उभ्या, खाली वाळकं गवत आहे आणि तोंड पोचत नाही. मेंढीचा खूर ती काच फोडत नाही. कोठीतला चारा चार दिवसांचा. शायलोबेक फावडं घेऊन गेला आणि अंगणाएवढी जागाही मोकळी न करता घामेघूम होऊन परतला.

मी तवंगड्याला सोडलं. तो उतारावर गेला, नाकाने हुंगलं, आणि पुढच्या खुराने काच फोडायला लागला. धाड, धाड. वरचं उंच जाडंभरडं गवत त्याने खाल्लं आणि पुढे सरकला. त्याच्यामागे चरायला सोडलेल्या आमच्या दोन घोड्या. त्यांनी उकरलेल्या जागेवर मेंढ्या, खालचं बारीक गवत खात. कोणी कोणाचं हिसकावत नव्हतं. चार दिवस हेच चाललं. शायलोबेक कुंपणाला टेकून बघत राहिला.

पाचव्या दिवशी खिंड उघडली. ड्रायव्हर तपकिऱ्याला घेऊन आला, त्याला उतरवलं आणि दोर हातात घेऊन म्हणाला, दुसरा द्या. मी दारात उभी. ठरवलं होतं, पोराने दावं सोडलं तर ट्रकपुढे आडवी होईन. म्हातारी चिरडायला ड्रायव्हर कचरला असता, एवढी खात्री होती.

शायलोबेक उतारावर गेला. मी ट्रकच्या दिशेने सरकले. परत आला तो एक मेंढा ओढत.

"हा ओसमोनला दे. पाच दिवस माझ्या घोड्याला चारलं त्याचा. आणि सांग, काळा मिळायचा नाही. ट्रॅक्टर त्याच्याच शेतात फिरव म्हणावं."

मी आत जाऊन किटली ठेवली. बोलले असते तर बदलला असता.

परवा शेजारी चहाला आले होते. शायलोबेक त्यांना समजावत होता. घोडा माती दाबत नाही, तण काढतो, शेताला खत देतो, बर्फ फोडून मेंढ्यांना वाट करून देतो. शेजारी माना डोलवत होते. एकाने विचारलं, "हे कुठे शिकलास?"

"निरीक्षण लागतं," म्हणाला.

मी किटली आपटली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी म्हटलं, हात घसरला.

ते गेल्यावर मी आयजार्किनला विचारलं, "खरं सांग पोरी. त्या ड्रायव्हरला बोटाने दाखवता येत नव्हता का तुला?"

तिने पेले गोळा केले. "हातांना कणीक लागली होती, एने," म्हणाली.

ड्रायव्हर आला होता सकाळी. कणीक ती संध्याकाळी मळते.