फेब्रुवारीचं पाणी

दुपारी २.१०

रकाना पहिला: शिफारस करणाऱ्याचे नाव व हुद्दा.

"एवढं तरी न विचारता भर," शरच्चंद्र सर म्हणाले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलेलं. मंगळवारपर्यंत स्क्रीनकडे बघायची बंदी.

जयमालाने भरलं. निवृत्त प्राध्यापक, सूक्ष्मजीवशास्त्र. सरांचा ईमेल बारा वर्षांपूर्वी तिनेच काढून दिला होता. पासवर्ड तिच्या वहीत, ओटीपी तिच्या मोबाइलवर. गाइडचं असलं सगळं विद्यार्थ्याने बघायचं असतं. तसा नियम कुठे लिहिलेला नाही, पण असतो.

मुदत: तिथले दुपारचे बारा. इथले साडेतीन.

तिथले म्हणजे फिनलंडच्या पार उत्तरेचे. बर्फाखालच्या तळ्यांमधले जिवाणू, दोन वर्षांचं संशोधन, जागा एक. तिने लोणारच्या खाऱ्या तळ्यातल्या जिवाणूंवर पीएचडी केली होती, आणि तेव्हापासून ती बुलढाण्यात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे दर जूनमध्ये नवा अर्ज, दर एप्रिलमध्ये घरी. जाहिरातीत एक अट होती: पीएचडी होऊन दहा वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत.

तिला साडेनऊ झाली होती.

२.२५

रकाना दुसरा: उमेदवाराला किती काळ ओळखता? बारा वर्षे.

रकाना तिसरा: उमेदवाराचे गुण.

इथे ती निश्चिंत होती. पेनड्राइव्हमध्ये पत्र तयार होतं. इकडे शिफारसपत्र ज्याला हवं असतं तोच लिहून नेतो, सर सही करतात. तिने मोठ्याने वाचून दाखवलं. सर ऐकत राहिले.

"ही बाई कोण आहे?"

"मी, सर."

"मी नाही ओळखत हिला. 'असामान्य प्रतिभा' म्हणे. कधी दिसली नाही मले. काढून टाक. मी सांगतो, तू टाइप कर."

"सर, वेळ कमी आहे."

"अजून तास आहे. खाली काय लिहिलंय, वाच बरं पुन्हा."

तिने वाचलं. 'ही सर्व उत्तरे माझी स्वतःची आहेत.' बाजूला टिक करायचा चौकोन.

"मग? आजवर पन्नास जणांच्या पत्रांवर सही केली. एकाचं वाचलं असेल तर शपथ."

ते सांगत गेले, ती टाइप करत गेली. चिवट आहे. सहज पटवून घेत नाही. दुपारच्या उन्हात तळ्याकाठी चार तास उभी राहते आणि नंतर दोन दिवस बोलत नाही.

"सर, हे गुणांमध्ये?"

"मग कशात?"

२.४०

सुलतानपूरहून आईचा फोन. गोजरबाईचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत असे.

"जयमाला, तिकडं दोन-दोन महिने सूर्य निंघत नाही म्हन्ते वं?"

"हाव आई."

"मंग कपडे कशे वायतीन?"

"घरात वाळवतात. ठेव आता."

"अन् लोकं काऊन राह्यतात तिथं?"

सर हसत होते. जयमालाने फोन उलटा ठेवला.

२.४८

रकाना चौथा: उमेदवाराचे काम कमी पडले असा एक प्रसंग सांगा. त्यानंतर काय झाले?

"हे भारी विचारलं," सर म्हणाले. "आपल्याकडे कोणी विचारत नाही."

"लिहू का, इंग्रजी बोलताना अडखळते म्हणून?"

"नको. लिही. पहिल्या वर्षीचे फेब्रुवारीचे नमुने."

तिची बोटं थांबली.

"फ्रिजमध्ये खराब झाले होते. लोडशेडिंग. तिने एप्रिलमध्ये नवं पाणी आणलं आणि बाटल्यांवर फेब्रुवारी लिहिलं."

हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही. देवाला नाही.

"सर, तुम्हाला कोणी..."

"तळ्याने. एप्रिलमध्ये पाणी आटतं, क्षार वाढतात. तुझा फेब्रुवारीचा आकडा एप्रिलचा होता. तेवढं दिसत नसेल तर मी कशाचा गाइड?"

"मग सही का केली?"

"तुला प्रबंध द्यायचा होता. मला बढती हवी होती. तेही लिही."

"सर, हे लिहिलं तर जागा गेली."

"पुढचं ऐकशील का? त्यानंतर तुझ्या एकेका बाटलीवर तारीख, वेळ, बाजूला कोण उभं होतं, सगळं. एकीवर तर 'शेळी' लिहिलं होतंस. चोवीस वर्षं शिकवलं मी, असा विद्यार्थी दुसरा नाही. हे त्यांना कोण सांगणार? तो पेनड्राइव्ह?"

तिने टाइप केलं. सगळं. फेब्रुवारी, फ्रिज, एप्रिल, बढती, शेळी.

३.०५

मग खोडलं.

चौथ्या रकान्यात आता एवढंच होतं: ~~फेब्रुवारीचे~~ ~~एप्रिल~~ इंग्रजी बोलताना ती सुरुवातीला अडखळत असे. आता सुधारणा आहे.

"वाच पाहू सगळं," सर म्हणाले.

पहिले तीन रकाने तिने स्क्रीनवरून वाचले. चौथा डोळे मिटून वाचला. फेब्रुवारी, फ्रिज, एप्रिल, बढती. शेळीपाशी तिचा आवाज चिरकला.

"छान. टिकचा चौकोन कुठे आहे? बोट ठेव माझं."

तिने त्यांचं बोट माउसवर ठेवलं. त्यांनी टिक केली. मग पाठवायचं बटण. दोन्ही त्यांनीच दाबली.

३.१२

'आपले उत्तर मिळाले. प्रत आपल्या ईमेलवर पाठवली आहे. मुदतीपर्यंत बदल करता येतील.'

"काय म्हणतंय?"

"मिळालं म्हणतंय."

सरांच्या पत्नी, प्रतिमाकाकू, औषधाचे थेंब घेऊन आल्या. चष्मा वर केला, एक थेंब, दुसरा. "मिटा. पाच मिनिटं हलायचं नाही. बोलायचंही नाही." मग जयमालाकडे वळल्या. "सकाळपासून घोकून राह्यले. झोपेत पण तुझंच पत्र. मंगळवारी चष्मा निघाला की आधी ते वाचणार म्हणतात, मग पेपर. पन्नास पोरांत एकीचं स्वतः लिहिलं म्हणे."

सर डोळे मिटून, ओठ मिटून बसले होते. गालावरून औषधाचा ओघळ खाली आला. काकूंनी पदराने टिपला.

ती हिशेब करत होती. मंगळवारला पाच दिवस. प्रत त्यांच्या ईमेलमध्ये. पासवर्ड वहीत. एक मेल पुसायला किती वेळ लागतो? विचारलं तर म्हणायचं, आलीच नाही. रेंज नव्हती. एप्रिलमध्येही तिने असंच म्हणायचं ठरवलं होतं, कोणी विचारलं तर. बारा वर्षं कोणी विचारलं नाही. बारा वर्षं ती उत्तर तयार ठेवून होती.

आणि ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

३.१९

बदल करा. ओटीपी आला, तिच्या मोबाइलवर, नेहमीसारखा. आकडा चुकला. दुसरा मागवला. गोल चक्र फिरत राहिलं. ३.२१. पान उघडलं.

इंग्रजी अडखळण्याचं वाक्य तिने काढलं. फेब्रुवारी. फ्रिज. मग एप्रिल. त्या वर्षाचा एप्रिल तिने आजवर कुठल्याच कागदावर लिहिला नव्हता. आज दुसऱ्यांदा लिहिताना स्पेलिंगमध्ये एक अक्षर गळलं. परत जाऊन घातलं. बढतीचं वाक्य, सरांच्याच शब्दांत. शेळी.

३.२५. चौकोनातली टिक गेली होती.

"सर," ती म्हणाली, "बोट द्या ना परत."

"काऊन? गेलं ना पत्र?"

"अहो, बोलू नका," आतून काकू.

"तारीख राहिली होती, सर. फेब्रुवारी, एप्रिल. दोन्ही घातल्या आता."

पाच मिनिटं झाली होती की नव्हती, कोण जाणे. सरांनी डोळे न उघडता हात पुढे केला. जयमालाने तो धरून माउसवर ठेवला; त्यांनी टिक केली, मग बटण दाबलं.

३.२७