माठाची कावीळ

बिडकीनच्या बाजारतळामागच्या लिंबाला त्या उन्हाळ्यात पानं कमी अन माळा जास्त लटकत होत्या. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. गाव मात्र वाढायचं काही थांबलं नव्हतं. कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, नव्या कॉलन्या उभ्या राहिल्या, प्यायचं पाणी तेवढं टँकरचं. टँकर ज्या विहिरीवर भरत, तिला लागूनच नव्या कॉलनीच्या संडासांचे शोषखड्डे खणले होते. अशा गावात घरोघर कावीळ शिरली तर त्यात नवल कसलं? पण त्या खड्ड्यांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सगळं गाव लिंबाखाली, काविळीवर देठांची माळ देणाऱ्या कडूबा महाराजांच्या पुढ्यात जमलेलं होतं.

"बोल रं, मागल्या आइतवारी माळ कुठं बसली व्हती?"

"डोक्यावर, महाराज. टोपीवाणी घट्ट."

"अन आज?"

"बेंबीला आली!"

"आली का नाय? कावीळ डोक्यात चढती, डोळ्यात उतरती, पोटात घर करती. माझी माळ तिच्या मागं लागती. डोक्यावरनं गळ्यात, गळ्यातनं बेंबीवर, बेंबीवरनं पायात, अन पायातनं कावीळ गपकन जमिनीत! तेल नाय, मटण नाय, अन सुई तर बिलकुल नाय. सुई टोचली की माळ रुसती. मंग मला बोल लावायचा नाय!"

गर्दीनं हात जोडले. बरा झालेला माणूस आपली लांबलेली माळ आणून लिंबाला टांगायचा, हा तिथला रिवाज. प्रत्येक माळेला पत्र्याचा बिल्ला होता अन बिल्ल्यावर नंबर. आपण किती जणांना माळ घातली ते जगाला दिसावं, म्हणून कडूबानं दिमाखानं पाडून घेतलेले हे नंबर. हाच दिमाख पुढं त्याच्या अंगाशी येणार होता.

त्याच गर्दीत हातात छापील प्रश्नावली घेऊन निलोफर उभी होती. ती गावचीच, सीट कव्हर शिवणाऱ्या रिझवानची धाकटी बहीण. शहरात होस्टेलवर राहून सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होती. पहिल्याच सत्रात बायोस्टॅटिस्टिक्स नावाचं, रोगराईच्या आकडेमोडीचं प्रकरण गळ्यात पडलं होतं. कालिंदी मॅडमनी पहिला गृहपाठ दिला होता, कोणताही एक उपचार घ्या आणि तो लागू पडतो की नाही ते आकड्यांनी सांगा. निलोफरला वाटलं, हे तर हातचं काम. माळ टांगायला येईल त्याला ती विचारत होती, बरे झालात का? साठ जणांना विचारलं. साठच्या साठ बरे. जाताना तिनं मोठ्या कौतुकानं हा आकडा कडूबालाही सांगितला.

पुढच्या तासाला मॅडमनी तिचा कागद वर्गासमोर धरला.

"कुठं विचारलंस?"

"लिंबाखाली, मॅडम. माळ टांगायला येतात तेव्हा."

"म्हणजे बऱ्या झालेल्यांनाच विचारलंस, बरे झालात का! मंगल कार्यालयाच्या पंगतीत बसून विचारायचं, तुम्हाला आमंत्रण होतं का? आणि लिहायचं, गावात शंभर टक्के लोकांना आमंत्रण!"

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"जे माळ टांगायला आलेच नाहीत, ते कुठं आहेत? अपूर्णांकाचा वरचा आकडा कुणीही मोजतो. खालचा मोजायला घरोघर फिरावं लागतं, कधी स्मशानात आणि कब्रस्तानातही जावं लागतं. बहुतेक कावीळ महिन्याभरात आपोआप उतरते, हे तू शिकलीस ना? मग माळ न घालणाऱ्यांना विचारलंस का? आणि माळ काविळीमुळं वाढते म्हणतेस, तर कावीळ नसलेल्याला घालून पाहिलीस?"

निलोफरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅडमना दाखवूनच द्यायचं, म्हणून तिनं खोटंच घरातल्या आजाऱ्याचं नाव सांगून कडूबाकडून एक माळ आणली. होस्टेलच्या व्हरांड्यात एक तडकलेला, कोरडा माठ पडला होता. तो पालथा घालून तिनं माळ त्याच्या बुडावर ठेवली. टोपीसारखी घट्ट बसली. आता बघाच म्हणावं, माठाला कुठली कावीळ, अन ही कशाला वाढतेय!

तिसऱ्या दिवशी माळ माठाच्या पोटाशी आली होती. सहाव्या दिवशी फरशीवर पडली होती.

निलोफरनं ती उचलून निरखून पाहिली. हिरव्या देठांचे तुकडे वाळून काडीएवढे झाले होते. प्रत्येक तुकड्याला सुताचे दोन-तीन सैल वेढे. देठ ओला, टपोरा होता तोवर सूत त्यानं अडकवून ठेवलं होतं. देठ बारीक झाला तसं ते सूत मोकळं सुटत गेलं, अन माळ लांबत गेली. एवढीच होती महाराजांची सिद्धी. तिला आधी हसू आलं. मग साठपैकी साठ आठवले अन हसू विरलं.

त्याच दुपारी रिझवानचा फोन आला. "तुझं नाव महाराजांच्या फ्लेक्सवर आलंय! 'शहरातल्या मोठ्या कॉलेजचं संशोधन, साठपैकी साठ बरे!' अम्मी लई खूश हाय. अन ऐक, तुझ्या भाभीलाबी कावीळ झालीय. पण फिकीर नको करू, चार दिवस झाले माळ घालून. गळ्यापर्यंत उतरली बी."

भाभी म्हणजे नजमा. नजमाला सातवा महिना चालू होता.

दूषित पाण्यातून येणारी ही कावीळ इतरांना सोडते, पण पोटुशीला गाठली तर जीवच मागते, हे निलोफरनं त्याच वर्गात लिहून घेतलं होतं. "भाई, आत्ताच्या आत्ता घाटीला, सरकारी दवाखान्यात घेऊन ये तिला!"

"अन तिथं सुई टोचली तर? माळ रुसल. तूच तर लिव्हलं ना, साठपैकी साठ?"

निलोफरनं फोन ठेवला. तिनं माठ काखेत मारला, माळ पिशवीत कोंबली अन मिळेल त्या गाडीनं गाव गाठलं. वाटेत गावातल्या आशा कार्यकर्त्या आवडाबाईंना फोन केला. गावातल्या गरोदर बायांची वही त्यांच्याकडंच असे.

घरी नजमा पडून होती. डोळे हळदीसारखे पिवळे, बोलणं अडखळत, माणसं ओळखताना गोंधळत होती. गळ्यात बिल्ला नंबर तीनशे अठ्ठ्याण्णव. निलोफरनं माठ भावापुढं आदळला.

"भाई, हा माठ बघ. याच्या टाळूवर ठेवलेली माळ सहा दिवसांत जमिनीवर उतरली. याला कावीळ झाली होती का? याचे डोळे पिवळे होते का?"

रिझवान माळ खालीवर करत राहिला. दिवसभर सुई-दोऱ्याशी खेळणारा माणूस तो, सुताचे वेढे त्याला लगेच कळले. पण अम्मी दारात आडवी उभी. "मग इत्ते लोकां बरे हुए, वो सब झूट? झाडावर शेकड्यानं माळा हैत!"

"झाडावर हैत त्या बघितल्या, अम्मी. नाय त्या कुणी बघितल्या?" आवडाबाई धापा टाकत आत आल्या होत्या. "बिल्ला नंबर दोनशे चार माझ्याच गल्लीतली. आठवा महिना व्हता. म्या हातापाया पडले दवाखान्यात चल म्हणून, सासू म्हणली, माळ रुसल. तिची माळ झाडावर नाय गावायची. तिच्यासंगंच जाळली."

अम्मी खाली बसली. मग उठली, रिझवानच्या मशीनवरची कात्री घेतली अन सुनेच्या गळ्यातली माळ स्वतःच्या हातानं कापली.

नजमा वाचली. अकरा दिवस घाटीत डॉक्टरांनी अन नर्सबायांनी डोळ्यांत तेल घालून तिला सांभाळलं. पण पोटातली मुलगी गेली. चार दिवस आधी आणलं असतं तर वाचली असती का, असं रिझवाननं विचारलं, तेव्हा डॉक्टर खरं तेच बोलले, "सांगता येत नाही. पण वाचवायचा प्रयत्न तरी करता आला असता." रिझवाननं त्यानंतर कितीतरी दिवस मशीनला हात लावला नाही.

निलोफर मात्र कामाला लागली. रडायला वेळ पुढंही मिळणार होता. होस्टेलच्या माठावरची सोडून कडूबानं तोवर चारशे बारा माळा वाटल्या होत्या. लिंबावर मोजून तीनशे एकाहत्तर. एक्केचाळीस बिल्ले गायब. आवडाबाईंच्या वहीवरून अन गल्लीबोळांतून विचारत दोघी त्या एक्केचाळीस घरांच्या उंबऱ्यांवर गेल्या. चौतीस जण जिवंत होते. कुणाच्या अंगावर माळ अजून होती, कुणी ती टाकून दिली होती, कुणी गाव सोडलं होतं, त्यातच एक नजमा. उरलेले सात मातीत गेले होते. त्या सातांतल्या पाच पोटुशा होत्या. शिवाय माळ अजिबात न घातलेले नव्वद कावीळवालेही सापडले. त्यातले अठ्ठ्याऐंशी ठणठणीत होते, तेही तेवढ्याच दिवसांत.

मग आवडाबाईंनी कडूबाच्याच हातून एक ताजी माळ मागून आणली अन पिठाच्या गिरणीत पालथ्या माठावर ठेवली. दळण आणणारी प्रत्येक बाई ती रोज बघून जाई. आइतवारी तो माठ लिंबाखाली आला. माळ त्याच्या काठाशी लोळत होती.

"महाराज, या माठाला बरं केलंत. आता याला लिंबाला टांगायचं का?" निलोफरनं विचारलं.

गिरणीवाल्या बाया फिसकन हसल्या. कडूबा क्षणभर गडबडला, पण मुरलेला गडी. "माठ म्हणजे पाणी! पाण्यात कावीळ व्हती, ती माळंनं वढली!"

"माठ कोरडा ठणठणीत होता. पण आज पहिल्यांदा खरं बोललात! कावीळ पाण्यातच आहे. टँकरच्या विहिरीत आहे, शेजारच्या शोषखड्ड्यातून उतरलेली. तुमच्या माळेत तिचं औषध नाही, तुमच्या माळेत फक्त वाळणारा देठ आहे!" तिनं सगळ्यांसमोर एक ताजी माळ उसवली, ओल्या देठाचा वेढा दाखवला, वाळलेल्याचा दाखवला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी बोटांनी सूत ओढून पाहिलं.

"पोरी, तूच लिव्हलं व्हतं ना साठपैकी साठ?" कडूबा ओरडला.

"लिहिलं होतं. चुकीचं लिहिलं होतं. ज्यांना चालत इथवर येता आलं त्यांनाच विचारलं होतं." पिशवीतून तिनं नंबर तीनशे अठ्ठ्याण्णव काढली. "ही माझ्या भाभीची. अम्मीनं कापून खुंटीला टांगली होती. तिची मुलगी पोटातच गेली त्या दिवशीही ही खुंटीवर लांबतच होती. माळेला कावीळ कळत नाही, माणूस जगला की मेला तेही कळत नाही. लोकहो, माळ घेऊन आला त्याला विचारू नका. जो आला नाही त्याच्या दारात जाऊन विचारा. पाणी उकळून प्या. ती विहीर बंद करा म्हणून सगळे मिळून पंचायतीत चला. अन घरात पोटुशी असेल अन डोळे पिवळे दिसले तर एक दिवसही थांबू नका."

तिनं लिंबाला बांधलेल्या फ्लेक्सवरून आपल्या नावाचा तुकडा फाडून काढला. कडूबा काही बोलायला गेला, पण त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. सगळे रांगेतल्या चौथ्या बाईकडं बघत होते. वीसेक वर्षांची, भरल्या पोटाची पोर, डोक्यावर आत्ताच ठेवलेली चारशे एकवीस नंबरची हिरवी माळ. तिनं ती काढली अन माठावर ठेवली.

"ताई, घाटीला जायला गाडी कुठून मिळती?"