अस्वलाचं खरं नाव

कोशवाले स्वयंपाकघरात शिरले आणि बायकोचा फोनवरचा आवाज एकदम खाली आला. "ते आलं की कळवते," एवढं बहिणीला सांगून तिने फोन ठेवला.

"ते म्हणजे काय?"

"काही नाही हो. चहा निवतोय तुमचा."

कुठेतरी पाणी मुरत होतं. शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश करणाऱ्या कचेरीत त्यांचा जन्म गेला होता आणि पुराव्याशिवाय ते सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नसत. आठवडाभर दोघी बहिणी कुजबुजत होत्या. आपली पुस्तकं रद्दीत घालायचा बेत शिजतोय, अशी त्यांची खात्रीच पटली. निघताना त्यांनी कपाटाला कुलूप लावलं.

कचेरीत आज अस्वल होतं. रशियन, पोलिश वगैरे भाषांची मूळ आई जी आदिस्लाव, तिच्यातला अस्वलाचा शब्द, 'मेद्वेदि'. तो लिहिलेला कोणीच पाहिलेला नाही. पुढच्या भाषांवरून जुळवलेला, म्हणून त्याच्याआधी ताऱ्याची खूण काढायची. नव्या सहकारी बाईंना ते समजावत होते. "मेदु म्हणजे मध, एद म्हणजे खाणं. जोडताना 'उ'चा 'व' झाला, आपल्या मधु आणि अद् यांचं मध्वद् होतं तसा. पुल्लिंगी, इकारान्त. मध खाणारा."

"हे तर वर्णन झालं. खरं नाव काय होतं त्याचं?"

"गेलं. नाव घेतलं तर येईल, या भीतीने लोकांनी टाकलं असावं. ज्याची धास्ती, त्याला माणूस नावाने..."

ते मध्येच थांबले. बायको भारी बोलकी. डाव, झारा, झाकणी, प्रत्येक वस्तूचं नाव घेतल्याशिवाय तिचं वाक्य पुरं होत नसे. आठवडाभर मात्र नुसतं 'ते'. मागच्या सोमवारी ती दवाखान्यात जाऊन आली होती, "वयाचं आहे" म्हणाली होती. आणि आपण कपाटाला कुलूप लावून आलो. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

भर दुपारी ते घरी पोचले.

"रिपोर्ट आला ना?"

ती खुर्चीत बसली. "मघाशीच. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. काय आहे ते सांग."

"घरात ते नाव नको," ती म्हणाली. "हात जोडते."

एरवी त्यांनी हट्ट धरला असता. "बरं. मग काय म्हणायचं त्याला?"

तिने जरा विचार केला. "पाहुणा म्हणू."

"किती दिवस राहणार, काही बोलले डॉक्टर?"

तिने त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.