ग्रास्सेल्लीचा मूळपुरुष

सान दोनिनोच्या चर्चच्या किल्ल्या चाळीस वर्षं माझ्या कमरेला आहेत, म्हणून सांगतो: त्या गादीवाल्या ग्रास्सेल्लीइतका फुगलेला माणूस त्या दारातून दुसरा आलेला नाही. नाक एवढं, की आधी ते आत यायचं, गाद्यांच्या कारखान्याचा मालक मागाहून.

अंतिम न्यायाचं आमचं भित्तिचित्र मेणबत्त्यांच्या काजळीखाली बुडालं होतं आणि गिलावा सुटत चालला होता. आणखी दोन हिवाळे ती भिंत टिकणार नव्हती. जुन्या चित्रांचे रंग वाचवणाऱ्या एर्सिलियाबाई पैशासाठी पाच वर्षं दारोदार हिंडल्या, कुणी दाद दिली नाही. मग ग्रास्सेल्लीला खालच्या कोपऱ्यात काजळीतून डोकावणारा, गुडघे टेकलेला एकजण दिसला. नाक थेट त्याचंच. जुन्या काळी चित्राचा खर्च करणारा स्वतःला असंच कोपऱ्यात रंगवून घेई. झालं, हा आपला पूर्वज! खिसा लगेच सैल झाला. बाई म्हणाल्या, आधी साफ तर होऊ द्या. पण याने ओळखीने परवानगी काढून शेजारी संगमरवरी पाटी बसवलीसुद्धा: ‘ग्रास्सेल्ली कुळाचा मूळपुरुष.’

त्या कोपऱ्यावरची काजळी आधी उतरली. मूळपुरुष गुडघ्यांवर होता खरा, पण हात दोरीने बांधलेले, गळ्यात व्याजाच्या पैशाची थैली, आणि दोरीचं टोक सैतानाच्या मुठीत.

त्या रविवारी फक्त ईस्टरला होते एवढी गर्दी लोटली, की पाद्रीबाबा चुकून ईस्टरचं प्रवचन देऊन बसले.

ग्रास्सेल्ली तणतणत आला. म्हणे, वर रंग फासा. बाई म्हणाल्या, मूळ रंगावर माझा ब्रश चालत नाही. मग म्हणे, पाटी काढा. तर पाटी आता संरक्षित भिंतीचा भाग. बसवताना ओळख चालली, काढायच्या परवानगीसाठी रांगेत उभं राहायचं, नऊएक वर्षं. शेवटी तो म्हणाला, पैसे बंद. वरचा सगळा स्वर्ग अजून काजळीतच होता, पोपडे धरून.

बाईंनी हात पुसले. “करा बंद, साहेब. उद्या परांची उतरवते. मग अख्ख्या काळ्या भिंतीत लख्ख दिसतील ते एकटे तुमचे आजोबा.”

नाक लाल, मग जांभळं झालं. “वर काय आहे?”

“स्वर्ग. दीडशे संत, भरपूर सोनं. लोक वर बघतील, कदाचित.”

त्याने छतापर्यंतचे पैसे भरले. स्वर्ग असा झळाळतो, की मी दिवे लावत नाही. लोक लांबून येतात आणि दारातच मला विचारतात, तो नाकवाला कुठाय? स्वर्ग कुठे आहे, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.