मावशीचा लांब उतारा

माझ्या भाचीनं तिच्या शोधनिबंधात मला घातलंय. इस्पितळाच्या लाँड्रीत आम्ही बायकांनी कसे दिवस काढले, यावर तिचा अभ्यास. माझं बोलणं तिनं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. आज कच्ची प्रत घेऊन आली, तर मी चष्मा शोधेपर्यंत तिला दम निघेना.

पान उघडलं. माझं बोलणं समासापासून आत ढकललेलं, अक्षरही बारीक.

"मला का गं कोपऱ्यात बसवलंस?"

"अगं मावशी, उतारा चाळीस शब्दांच्या वर गेला की असाच वेगळा मांडतात. अवतरणचिन्हंही लागत नाहीत. मानाची जागा आहे ती!"

मग मी जरा ताठ बसून वाचलं. वाफ, ओल्या चादरींचं ओझं, सुपरवायझरशी घातलेला वाद, सगळं शब्द न् शब्द माझं. स्वतःवरच खूश झाले. तेवढ्यात मध्येच तीन टिंबं दिसली.

"इथं काय होतं?"

भाची कागद उगाच सारखे करू लागली. "सर म्हणाले, उतारा फार लांबलाय. थोडं गाळलं."

तिथं माझी मैत्रीण होती, ठेंगणी म्हणायचो आम्ही तिला. पिळायच्या यंत्रात तिचा हात गेला आणि वर साहेबांनी लिहून ठेवलं, चूक तिचीच. खरं काय ते आम्ही घसा फोडून सांगितलं, पण कोणी कागदावर घेतलं नाही. ती गेली तीही तो ठपका घेऊनच.

"ठेंगणीला गाळलंस? आणि माझं भांडण ठेवलंस?" माझा आवाज चढला.

"ते वाचायला मजा येते गं." तिचा चेहरा एवढासा झाला. पोर वाईट नाही, सरांना घाबरते.

"मग माझं भांडण काढ. वाफ काढ, चादरी काढ. तिचं परत घाल."

तिनं लॅपटॉप उघडला, गाळलेलं परत घातलं आणि बाकीचं एकेक वाक्य खोडत गेली. मग थांबली.

"मावशी, आता हा लांब उतारा राहिला नाही. माझ्याच परिच्छेदात, ओळीत घालावा लागेल. तुझी वेगळी जागा जाईल."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

"जाऊ दे. घाल ओळीत."

तिनं घातलं, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिली आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं: "यंत्राचं झाकण आठवडाभर तुटलेलं होतं. तक्रार करायला ठेंगणीच गेली होती, दोनदा."