तक्रार खरी आहे

"वहिनी, गेला बघा दिवा! कायमचा गेला!" असं म्हणत धाकटे भावोजी गाडीतून बाहेर आले. त्यांच्या हातात काडेपेटीएवढं स्वस्तातलं यंत्र होतं. ते स्टिअरिंगखालच्या खाचेत खोचलं की गाडीचं दुखणं मोबाइलवर वाचता येई, आणि एक बटण दाबलं की दुखण्याची नोंद पुसली जाई. भावोजींना वाचण्यापेक्षा पुसण्याची हौस दांडगी.

"मागच्या खेपेलाही कायमचाच गेला होता," तक्रारबाई म्हणाल्या.

हे नाव त्यांना गावानं दिलेलं. सगळी नोकरी त्यांनी पाणीखात्याच्या तक्रार खिडकीत काढली. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळत बसतात. या गाडी चालवायला शिकल्या. नाइलाजच होता. नवऱ्याच्या नजरेनं दगा दिला होता. त्याला कडेचं दिसे, नेमकं समोरचं दिसत नसे. जन्मभर गाडी चालवलेल्या त्या माणसानं किल्ली मुकाट्यानं बायकोच्या हातात दिली, पण तिच्या शेजारी मात्र एकदाही बसला नाही. "मी काय सामान आहे, नेऊन ठेवायला?" हे त्याचं उत्तर. घर चढावर, बस खाली वळणापर्यंतच. तेव्हापासून तो चढ उतरून गेलाच नव्हता.

त्यात गाडीत इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. भावोजींनी धुरातली हवा मोजणारा एक सेन्सर बदलून पाहिला. दिवा परत आला. गॅरेजवाल्यानं इंजिन उघडावं लागेल म्हणून सांगितलं, आणि नवरा ताबडतोब म्हणाला, "विकून टाका." आज संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं होतं. दिवा हे निमित्त आहे, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. गाडी गेली की दोघंही घरात, मग कुणी कुणाला न्यायचा प्रश्नच मिटला. त्यांना याचा संताप येत होता आणि रडूही येत होतं.

दुपारी त्या दूध आणायला खाली गेल्या. जाताना दिवा नव्हता. येताना हजर.

"आणा ते यंत्र इकडे," त्या भावोजींना म्हणाल्या. "आणि बटणाला हात लावाल तर खबरदार. आधी वाचायचं."

मोबाइलवर आलं, मिश्रण पातळ. म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त.

"म्हणजे तो सेन्सरच," भावोजी म्हणाले. "तोच बोंबलतोय."

"बोंबलतो तोच चोर असतो का, भावोजी? आमच्या खिडकीत तिसऱ्या मजल्यावरचा माणूस यायचा, नळाला पाणी नाही म्हणून. साहेब 'तक्रार निकाली' असा शेरा मारून मोकळे व्हायचे. पाइप फुटलेला असायचा खाली जिन्याजवळ. वरचा नळ बदलून काय उपयोग? तक्रार खरी आहे. हवा कुठून तरी चोरवाटेनं आत शिरतेय."

"मग शोध आता तुझा जिना," पायरीवर बसलेला नवरा म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या आवाजात चेष्टा होती.

बाईंनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि बाह्या सरसावून बागेच्या नळीचा एक तुकडा आणला. एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनभोवती फिरवू लागल्या.

"दादा, वहिनी गाडीला तपासतायत! जीभ दाखव म्हणतील आता," भावोजी हसून हसून बेजार झाले.

"गप्प बसा हो!" बाई ओरडल्या. हवेच्या फिल्टरकडून इंजिनकडे जाणारा जाड रबरी पाइप होता. त्याच्या खालच्या घडीत फुस्स असा आवाज येत होता. त्यांनी इंजिन बंद करून बोट घातलं. चीर हाताला लागली.

त्यांनी चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे दिले आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. इंजिन किती टक्के जादा पेट्रोल ओढतंय, तो आकडा मोबाइलवर दिसत होता. मघाशी तो पंचवीस होता.

"अठरा," भावोजी वाचू लागले. त्यांचं हसू थांबलं होतं. "अकरा... सहा... वहिनी, तीन! तीनवर थांबला!"

नवरा पायरीवरून उठून उभा राहिला. "नीट वाच रे."

"तीन, अहो, तीन!" बाईंनीच ओरडून सांगितलं. मग त्यांनी काळे झालेले हात पुसले आणि म्हणाल्या, "हं, भावोजी. आता दाबा तुमचं बटण."

गिऱ्हाईक आलं ते टायरला लाथ मारतच. "इंजिन गेलंय म्हणे?"

"इंजिन ठणठणीत आहे. गाडी विकायची नाही," बाई म्हणाल्या.

त्यानं नवऱ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही बोला. नक्की काय ते."

बाईंनी किल्ली मुठीत घट्ट धरली.

"माझ्याकडे काय बघता?" नवरा म्हणाला. "गाडी ती चालवते. तिला विचारा."

गिऱ्हाईक आल्या वाटेनं गेलं. पट्टी ही तात्पुरती मलमपट्टी. दुकान बंद व्हायच्या आत खालून नवा पाइप आणायला हवा होता. बाई स्टिअरिंगवर बसल्या. इतक्यात नवरा पायऱ्या उतरून आला आणि सवयीनं चालकाच्या दारापाशी जाऊन त्यानं मूठ धरली. आत बायको बसलेली. क्षणभर तो तसाच उभा राहिला. मग मूठ सोडली, गरम बॉनेटवर हात टेकवत पलीकडच्या बाजूला गेला, दार उघडलं आणि बसला. सीटच्या पट्ट्याचं टोक दोनदा चुकलं. बाईंनी मदत केली नाही. तिसऱ्यांदा खट्‌कन बसलं.

"उतारावर दुसरा गिअर टाक," तो म्हणाला.

"टाकलाय," बाई म्हणाल्या.