हिराच्या डोक्याची उजवी बाजू

चाईवर, म्हणजे केस गोल चट्ट्यांनी गळण्यावर, १९९८ साली मी एका औषधाची चाचणी घेत होतो. चाईमुळे लग्न अडलेली डिंभ्याची हिरा त्यात होती. डोक्याच्या डाव्या बाजूला औषध लावायचे, उजवी तुलनेसाठी तशीच सोडायची. चौथ्या महिन्यात केस दोन्हीकडे उगवले.

“उजवीकडे काही लावलंत?” मी विचारले.

“बिरोबाचा भंडारा,” तिची आई सरुबाई म्हणाली. “निम्मीच पोर बरी करून पावण्यांफुडं उभी करू का, डाक्टर?”

चाईत केस कधीकधी आपोआपही परततात. मी हिराची नोंद चाचणीतून वगळली.

“मग कशानं आलं?” हिराने विचारले.

“सांगता येत नाही.”

“परत गळत्याल का?”

“तेही सांगता येत नाही.”

हिराने डोक्याची ओढणी सोडून पिशवीत ठेवली.

“आई, हायेत तवर पावणं बोलवून घे.”